झिंक-सेलेनियमच्या गोळ्या: चार महिने घेऊन काय झालं

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे. त्यासाठी सहा वर्षं सल्फासॅलाझिन हे औषध घेत होतो. मूल होत नाही म्हणून तपासणी केली, तर शुक्राणूंची संख्या, म्हणजे काउंट, निघाला मिलिलिटरमागे ७० लाख. डब्ल्यूएचओची खालची मर्यादा १.६ कोटी. मित्राने झिंक-सेलेनियमच्या गोळ्या सुचवल्या, "औषधाचा दुष्परिणाम भरून काढतात" म्हणून. लगेच ऑनलाइन मागवल्या.

पहिल्या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर घेतली. स्वारगेटच्या बसमध्ये अशी मळमळ सुटली की दांडेकर पुलालाच उतरलो. पुढे जेवणानंतर घेऊ लागलो, तेव्हा सुसह्य झालं. तोंडाला मात्र दिवसभर तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी चव.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी. नमुना तासाभरात लॅबला पोचवायचा असतो आणि गार पडू द्यायचा नसतो. म्हणून डबी शर्टच्या आत, छातीशी धरून नळस्टॉपच्या सिग्नलला घड्याळ बघत बसलो होतो. वर मेट्रो आरामात चाललेली. रिपोर्ट आला: ८० लाख. एवढा फरक एरवीही पडतो म्हणे.

मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. हे आधीच करायला हवं होतं, पण लाज वाटत होती. त्यांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. "अहो, रोज ५० मिलिग्रॅम झिंक? मोठ्या माणसाला ४० च्या वर नको. जास्त दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं." काउंट सल्फासॅलाझिननेच पडतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. औषध बंद केलं की बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांत सुधारतो, कारण शुक्राणू तयार व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. झिंक आणि फॉलिक अॅसिडवर अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, तो २०२० साली छापून आला. त्यातही फायदा दिसला नाही, म्हणाले.

गोळ्या बंद, सल्फासॅलाझिनच्या जागी मेसालामिन, त्याच आजारावरचं दुसरं औषध. (हा बदल स्वतःच्या मनाने करू नका, कोलायटिस उसळला तर हॉस्पिटलची वारी ठरलेली.) साडेतीन महिन्यांनी काउंट ३.२ कोटी. पोटही शांत आहे.

गोळ्यांना पाचपैकी एक तारा, तोही बाटलीचं झाकण घट्ट बसतं म्हणून. आत अजून २२ गोळ्या आहेत. बायको टाकू देत नाही, साडेसातशे रुपये गेलेत म्हणते.