शिरोलीतील एका फाउंड्रीचे ओतकाम: ग्राहकाचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीकडून आम्ही पंपाच्या बिडाच्या बॉड्या ओतून घेतो. पहिल्या लॉटमध्ये लेथवर दुसरा कट घेताच गुळगुळीत, चमकदार भिंतींची वाटाण्याएवढी भोके उघडी पडली आणि तयार होत आलेले काम भंगारात गेले. तक्रार केल्यावर मालकांनी वाद न घालता कापलेला तुकडा समोर ठेवून कारण शोधले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. गुळगुळीत भोक म्हणजे अडकलेला वायू. साच्याच्या वाळूत ओलावा अधिक होता आणि कोअरची (बॉडीची आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याची) व्हेंट, म्हणजे वायू बाहेर पडण्याची वाट, बुजली होती. आता प्रत्येक पाळीत ओलावा तपासून तो 3 ते 4 टक्क्यांत राखला जातो आणि लॅडल (ओतण्याचे भांडे) तापवूनच त्यात रस, म्हणजे वितळलेला धातू, घेतला जातो. फ्लँजच्या (जोडणीसाठीच्या रुंद कडेच्या) जाड सांध्यातील खडबडीत पोकळी मात्र वेगळी होती. तेथील धातू सर्वांत शेवटी गोठतो आणि आकसताना त्याला वरून रस मिळत नाही, म्हणून रायझर (जादा रस साठवून पुरवणारी साच्यातील पोकळी) त्या सांध्याजवळ घ्यावा लागला. किलोमागे दर थोडा जास्त आहे आणि पॅटर्नमधील (वाळूत साचा उठवण्याच्या नमुन्यातील) बदलाला ते वेळ लावतात. तरीही प्रेशर टेस्टला गळणारी बॉडी आता क्वचितच निघते.