लातूर, औसा रोडवरचं एलडी टेस्टिंग सेंटर: पाचपैकी साडेतीन

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, लेकरांना वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण. त्याच्या टेस्टला भाच्याला घेऊन गेलते, सोबत माझी लेकपण. भाचा सहावीत, वर्गात दंगा, वह्या अर्धवट, म्हणून शाळेनं त्याचंच नाव पुढं केलं. लेक गप बसती, फळ्यावरचं सुबक उतरवती, तिच्याबद्दल कोण कशाला बोलतंय. इथल्या मॅडमनी मात्र फॉर्म भरतानाच विचारलं की घरात अजून कुणाला वाचायला त्रास आहे का, कारण हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, आणि लेकीचीपण टेस्ट घेऊ म्हणल्या. निम्मे स्टार ह्याच्यासाठीच.

नुसता आयक्यूचा आकडा हातात देऊन मोकळे होत नाहीत, एकेक भाग उलगडून सांगतात. भाच्याचं ठोकळे जुळवणं एकदम झकास, पण कोडिंगमध्ये, म्हणजे 1 ते 9 प्रत्येक आकड्याला एक खूण ठरलेली असती ती खाली भराभर काढायची, त्यात गडी पार मागं. लेकीनं त्या ओळी सरासरा भरल्या, आणि उतारा वाचताना "पाऊलवाट"चं "पाऊसवाट" करून तशीच पुढं गेली, अडखळलीपण नाही, म्हणून तर कळत नव्हतं!

मी विचारलं, पोरींचं असंच असतं का? तर म्हणल्या, असल्या वेगाच्या कामात पोरी सरासरीनं थोड्या पुढं दिसतात, एकूण आयक्यूत फारसा फरक नसतो, पण एलडीवाल्या दोन लेकरांतच आपसात इतका फरक असतो की पोरगा का पोरगी बघून रेमेडियल, म्हणजे त्या अडचणीवरची खास शिकवणी, ठरवता येत नाही. अमेरिकेत 1990 ला कनेक्टिकटच्या लेकरांवर अभ्यास आला होता, वाचायला त्रास आहे म्हणून शाळेनं हेरलेल्यांत पोरं कितीतरी जास्त आणि सरसकट सगळ्यांची टेस्ट घेतली तर पोरं-पोरी जवळपास सारखे. नंतरच्या काही अभ्यासांत पोरं जास्त निघाली, तेपण त्यांनी सांगितलं, हे आवडलं.

आता तक्रारी. रिपोर्ट अख्खा इंग्रजीत. उतारे पुस्तकी मराठीत, आमची लेकरं घरी "आलाव, गेलाव" बोलणारी. आणि बोर्डाच्या सवलतीला, जादा वेळ वगैरे, इथला कागद चालत नाही, सरकारी दवाखान्याचंच सर्टिफिकेट लागतं, हे पैसे भरायच्या आधी सांगायला काय जातं राव?

रेमेडियलची बॅच संध्याकाळी, नेमकी ट्यूशनच्या टायमाला, आणि लातुरात ट्यूशन सोडा म्हणलं की घरात भांडण. सकाळच्या बॅचचं आधीच विचारून ठेवा.