कार्ड संपलं होतं तरी जर्मनीला परत पोचले, काकांमुळे!
माझं जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड पुण्यात आईकडे असतानाच संपलं. रिन्यूअलचा अर्ज मुदतीआधीच केला होता आणि फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग (अर्जाचा निर्णय होईपर्यंत जर्मन ऑफिस देतं तो तात्पुरता दाखला) घेऊनच निघाले होते, तरी एका एजंटने सरळ नवीन व्हिसा काढा म्हणून सांगितलं, पोटात गोळाच आला. मग कोथरूडच्या या ट्रॅव्हलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कागदाची घडी उलगडली, तिसऱ्या चौकोनातली फुली बोटाने दाखवली, जर्मन निवास कायद्याचं कलम 81 पोटकलम 4, म्हणजे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच धरतात, म्हणाले बाळा, जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेव, बिनधास्त जा. पोटकलम 3 वर फुली असती तर आपल्याला त्यावर परत आत येता येत नाही, एवढं बारीक बघणारा माणूस मिळाला! चेक-इनला 20 मिनिटं थांबवलं, पण काकांनी दिलेली नियमाची प्रिंट दाखवली आणि बोर्डिंग पास हातात. खूप खूप आभार काका.