छावणीच्या जमिनीचा मोबदला शोधताय? 'अभिलेख पटल' कितपत कामाला येतं

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. ई-मेल देऊन नोंदणी केली की फुकट वापरता येतं. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या जमिनी लष्कराला लागल्या तेव्हा पैसे कुणाच्या खात्यातून जायचे, यावर सरकारातच झालेली ओढाताण घरबसल्या वाचायला याहून चांगली सोय नाही. मात्र पणजोबांच्या शेताचे किती रुपये आले, हे इथे सहसा सापडत नाही.

शोध फायलीच्या विषयओळीवर चालतो, आतल्या मजकुरावर नाही. त्यामुळे गावाचं नाव जुन्या इंग्रजी वर्तनीत टाका: डबल ओ घालून पूना, डबल ई घालून किर्की. सोबत 'कॉम्पेन्सेशन' किंवा 'ॲक्विझिशन' एवढा एकच शब्द पुरे. शब्द वाढवाल तसा निकाल आटतो. खात्याचं नावही सालाप्रमाणे बदला. 1906 पर्यंत मिलिटरी, पुढे आर्मी, 1936 पासून डिफेन्स. हे न बदलल्यामुळे अर्ध्या फायली नजरेतून सुटतात. फायनान्स खातंही जरूर चाळा, कारण नकार बहुधा तिथूनच येई.

फाईल उघडली की छापील पत्रव्यवहारावर थांबू नका. खरा ऐवज 'नोट्स' (अधिकाऱ्यांचे आपसातले शेरे) आणि 'कीप-विथ' (फायलीसोबत जोडून ठेवलेले पूरक कागद) या पानांत असतो. लष्कर निकड सांगतं, फायनान्स खर्चाचं शीर्ष विचारतं, मुंबई सरकार बुडणाऱ्या शेतसाऱ्याचा हिशेब पुढे करतं. शेतकरी या पानांवर क्वचितच दिसतो, आणि ते वाचताना मनाला फार लागतं.

आकडे समजायला 1894 चा भूसंपादन कायदा शेजारी ठेवा. कलम 23 प्रमाणे बाजारभाव आणि वर सक्तीबद्दल 15 टक्के. ताबा आधी घेऊन पैसे मागाहून दिले, तर कलम 34 चं 6 टक्के व्याज. कलम 17 खाली तातडी दाखवली की नोटिशीनंतर 15 दिवसांत पडीक किंवा लागवडीची जमीन ताब्यात घेता येई. व्याजाच्या नोंदी दिसल्या तर कलम 17 लागलं होतं का, ते आधी पाहा. हरकत राखून न घेता पैसे स्वीकारले की कलम 18 खाली कोर्टात दाद मागायचा हक्क जाई. जमीन प्रांत सरकारचीच असेल, तर 1935 च्या भारत सरकार कायद्याचं कलम 127 पाहा. त्यात केंद्र आणि प्रांताचं जमलं नाही, तर लवाद नेमायचा अधिकार भारताच्या सरन्यायाधीशांना दिला होता.

बंगल्यांच्या फायलींत एक घोटाळा नेहमी होतो. 'ओल्ड ग्रँट'च्या जागा (जमीन सरकारची, वरचं बांधकाम राहणाऱ्याचं) परत घेताना एक महिन्याची नोटीस आणि मंजूर बांधकामाची किंमत मिळे, जमिनीची नाही. यासाठी 1836 चा 179 क्रमांकाचा हुकूम सर्रास दाखवला जातो, पण तो बंगाल लष्कराचा. मुंबई इलाख्याचे हुकूम वेगळे होते.

उणीव मोठी एकच. पुष्कळ नोंदींपुढे स्कॅन नाही, नुसती सूची आहे. तरी ती वाया जात नाही: खातं, शाखा, महिना-साल आणि प्रोसीडिंग क्रमांक उतरवून घेतला की दिल्लीत जनपथावरच्या वाचनकक्षात नेमकी फाईल मागता येते.

पाचपैकी साडेतीन तारे. खातेदारनिहाय निवाड्यासाठी (कुणाला किती मोबदला ठरला, ते पाहायला) जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठा, आणि मुंबई सरकारच्या महसूल खात्याच्या दप्तरांसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार.