शिकवायचं की चॅनेलवर बसायचं?

प्रशिक्षण केंद्रावर फॅकल्टी म्हणून रुळलेल्या गोव्याच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरला, म्हणजे विमानांच्या वाहतूक नियंत्रकाला, हल्ली एक विचार छळतो: शिकवत राहायचं की चॅनेलवर, म्हणजे टॉवरमध्ये वैमानिकांशी प्रत्यक्ष रेडिओवर बोलायला, बसायचं? जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली, घराजवळ टॉवर झाला, मग आपण अजून प्रयागराजला किंवा हैदराबादला फळ्यापुढे का उभे?

आधी दोन गोष्टी उरकून टाकतो. गोव्याच्या जुन्या विमानतळाची, दाबोळीची, स्वप्नं पाहू नका. तिथलं एटीसी, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रण, नौदलाकडे आहे, वर्दीशिवाय तिथे खुर्ची नाही. मोपाचा विमानतळ जीएमआर ही खासगी कंपनी चालवत असली तरी टॉवरमध्ये एएआयची, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाची, माणसं असतात. आणि तुम्ही पणजी-मडगावात ज्युनियर एक्झिक्युटिव्हच्या (कंट्रोलरच्या भरतीच्या) परीक्षेचे क्लास घेणारे असाल, तर पहिला प्रश्न वयाचा. खुल्या प्रवर्गासाठी मर्यादा २७ वर्षांची आहे. ती ओलांडली असेल तर शिकवण्याचा अनुभव कितीही असो, त्याने दार उघडत नाही.

आता खरा फरक. सिम्युलेटरवर तुमच्या हाताशी फ्रीझचं बटण असतं. प्रशिक्षणार्थी गोंधळला की तुम्ही विमानं जागच्या जागी थांबवता, डॉक ४४४४ या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातला नियम सांगता, पुन्हा सुरू करता. मोपाला जुलैमध्ये हे चालत नाही. समजा, धावपट्टीवरून एक विमान सुटलंय, पण रेंगाळलंय. मागून फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आलेल्याला पावसात पट्टी दिसत नाही आणि तो म्हणतो, ‘गोइंग अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातोय. आता दोघंही एकाच दिशेने वर चढताहेत. कोणाला वळवायचं, कोणाला किती उंचीवर रोखायचं हे तेवढ्यात ठरवून एका दमात बोलायचं, आणि रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने परत म्हटलेली सूचना, बरोबर आला का तेही ऐकायचं. ‘का’ सांगायला वेळ नसतो, कोणी विचारतही नाही. फॅकल्टीतून आलेल्यांचं घोडं इथेच अडतं. नियम त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त येतात, पण समजावून सांगायची सवय जिभेवर बसलेली असते. दोन शब्दांत भागेल तिथे ते पाच वापरतात, तेवढ्यात फ्रिक्वेन्सी अडते.

दुसरी अडचण मानापमानाची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. रेटिंग, म्हणजे चॅनेलवर काम करायची पात्रता, त्या-त्या युनिटपुरतं असतं. जुन्या स्टेशनवर तुम्ही कितीही दादा असलात तरी मोपाला पुन्हा ओजेटी, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, करावी लागते. शेजारी हेडसेट लावून बसणारा इन्स्ट्रक्टर कदाचित तुमचाच जुना विद्यार्थी निघेल. तो तुमच्या चुका वहीत लिहील आणि तुम्ही ‘हो’ म्हणाल. हे पचणार नसेल तर अर्ज टाकू नका.

वेळेचं म्हणाल तर केंद्रावर संध्याकाळ तुमची, रविवार तुमचा. टॉवरवर सकाळ, दुपार, रात्र आणि मग सुट्टी, असं चक्र. ते चवथीला थांबत नाही. उलट गणपतीला घरी येणाऱ्यांचीच विमानं तुम्ही उतरवत असता. शिवाय ड्यूटीला येताना कधीही ब्रेथ अ‍ॅनालायझरपुढे उभं करतात. आदल्या रात्रीच्या लग्नातली फेणी ‘थोडीशीच’ होती, हे त्या यंत्राला कळत नाही. मेडिकलही ठरावीक काळाने पास करावं लागतं. चाळिशीनंतर बीपी आणि साखर यांचीच धास्ती जास्त.

पण वॉच, म्हणजे पाळी, संपला की संपला. हँडओव्हर दिला, हेडसेट काढला, की डोक्यात काही उरत नाही. उत्तरपत्रिका घरी येत नाहीत, नापास झालेल्याच्या वडिलांचे फोन येत नाहीत. हे सुख शिकवणाऱ्याला आयुष्यभर मिळत नाही, असं माझं मत.

पगारासाठी उडी मारायची असेल तर थांबा. केडर तेच, मूळ वेतन तेच. फरक पडतो तो भत्त्यांत. आणि बदली देशभर कुठेही होते. मोपा मागितलं म्हणून मिळेलच असं नाही.

माझा कौल असा: चाळिशीच्या आत असाल आणि वर्गात उदाहरणं देताना आपली उदाहरणं शिळी झाल्याचं जाणवत असेल, तर जा. काही वर्षं चॅनेलवर काढून परत शिकवायला आलात तर मुलं तुमचं जास्त ऐकतील. मुलांच्या दहावी-बारावीच्या वर्षात मात्र जाऊ नका. ओजेटी आणि घरचा अभ्यास एकत्र पेलत नाही. आणि अर्जाआधी, ओळखीचं कोणी असेल तर, रीतसर परवानगी काढून पावसाळ्यातल्या एका रात्रपाळीला टॉवरमध्ये मागे नुसते बसून या.