वाऱ्याच्या दिवशी हरणाची शिकार: मचाणावर बसावे की पायी माग काढावा?

परवान्याने हरणाची शिकार करता येते अशा प्रदेशांत हंगामाचे दिवस मोजकेच असतात आणि त्यांतल्या एखाद्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला, की मचाणावर बसावे, पायी माग काढावा की बाहेर पडूच नये, असा प्रश्न पडतो. बाहेर न पडण्याचा निर्णय बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीतून घेतला जातो. वाऱ्यात हरणे दडून बसतात असे सर्रास सांगितले जाते. परंतु पेनसिल्व्हेनियात जीपीएस पट्टे बसवलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या नोंदींत वारा असताना दिवसाची हालचाल घटण्याऐवजी वाढलेली आढळली, आणि घट दिसली ती रात्रीच्या हालचालीत. म्हणून फक्त वारा आहे एवढ्यावरून दिवस वाया गेला असे मानू नये. कोणती पद्धत वापरायची, हे मात्र वाऱ्याकडे पाहूनच ठरवावे लागते.

वारा जोराचा असून एका दिशेने सलग वाहत असेल, तर माझे मत निःसंशय पायी माग काढण्याच्या बाजूने आहे. शांत दिवशी वाळक्या पाल्यावर पडलेले एकच पाऊल हरणाला बुजवायला पुरेसे असते. वाऱ्यात तो आवाज पानांच्या सळसळीत बुडून जातो आणि सगळी झुडपेच हलत असल्यामुळे माणसाची सावकाश हालचालही चटकन नजरेत भरत नाही. कान आणि डोळे असे कमी पडू लागले तरी हरणाचे नाक शाबूत असते, म्हणून वारा तोंडावर किंवा आडवा घेऊनच पुढे सरकावे. झुळूक आली की चार-पाच पावले टाकावीत, ती ओसरली की जागच्या जागी थांबून दुर्बिणीने समोरची झाडी बारकाईने पाहावी. शोध घ्यायचा तो मुख्यतः डोंगराच्या निवाऱ्याच्या अंगाला, माथ्याच्या थोडे खाली. पाठीमागून माथ्यावरून येणारा वारा वास घेऊन येतो आणि खालचा उतार नजरेच्या टप्प्यात राहतो, त्यामुळे पांढऱ्या शेपटीचे नर तिथे बसणे पसंत करतात.

मचाणाचा मोठा फायदा, म्हणजे शिकाऱ्याची हालचालच नसणे, वाऱ्याच्या दिवशी तितकासा उपयोगी पडत नाही; झाड डोलू लागले की नेम धरणेही कठीण होते. मात्र वारा मंद आणि एकाच दिशेचा असेल, तर मचाणच सरस ठरते, कारण वास कुठे जाणार हे आधी ओळखून हरणांच्या वाटेच्या योग्य बाजूला बसता येते. घळीत किंवा कड्याच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि अशा जागी कोणत्याही पद्धतीने वास लपत नाही. चिमूटभर बारीक पूड हवेत सोडून ती कुठे जाते हे पाहिले, की या फिरत्या वाऱ्याचा अंदाज लगेच येतो.

नेमाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. आडव्या वाऱ्यात अंतर दुप्पट झाले की गोळीचे सरकणे साधारण चौपट होते, आणि बाण तर गोळीच्या मानाने फारच संथ असल्याने त्याला वाऱ्याचा मार अधिक बसतो. त्यातच वाऱ्याने पाला उडून उलटापालटा होत असल्यामुळे जखमी हरणाच्या रक्ताचा माग लवकर मोडतो. जनावर विनाकारण तडफडत राहू नये, यासाठी शांत दिवशी जे अंतर आपण सहज स्वीकारतो, ते अशा दिवशी बरेच कमी करावे. पायी जवळ जाता येते, हा त्या पद्धतीचा आणखी एक लाभ इथेच कामी येतो.

निर्णय घेताना झाडांकडे पाहावे. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, म्हणजे वेग ताशी सुमारे १२ ते १९ किलोमीटर असेल, तर दोन्ही पद्धती चालतात. लहान फांद्या हलू लागल्या, म्हणजे सुमारे २० ते २८ किलोमीटरच्या टप्प्यात, पायी जाणे उत्तम. लहान झाडे डोलू लागली, म्हणजे वेग साधारण २९ किलोमीटरच्या पुढे गेला, की मचाण सोडावे, आणि मोठ्या फांद्या हलू लागल्या की सुकलेल्या झाडांखालून पायीसुद्धा जाऊ नये. दिवस मावळताना वारा पडला, तर पुन्हा मचाण गाठता येते. मात्र थंड होणारी हवा उतारावरून खाली वाहू लागते, म्हणून ते मचाण हरणांच्या अपेक्षित वाटेच्या खालच्या अंगाला असावे.