जावात अ‍ॅरेची सुरक्षित कॉपी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत डिझाईनचा प्रोग्राम लिहिलाय. जेकार्ड चादरीचं डिझाईन म्हणजे चौकटींचा कागद, प्रत्येक चौकटीत रंगाचा नंबर. प्रोग्राममध्ये तो ओळी-स्तंभांत मांडलेल्या पूर्ण आकड्यांचा तक्ता, म्हणजे दोन मितींचा इंट अ‍ॅरे होतो.

गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर घोळ झाला. डिझाईन मास्तरांनी मोराच्या जुन्या चादरीवरून नवा नमुना काढला आणि बॉर्डरचा लाल रंग हिरवा केला. शेजारच्या खिडकीत जुनी ऑर्डर उघडीच होती, तिचीही बॉर्डर हिरवी झाली. "अहो, जुन्याला मी हातसुद्धा लावला नाही!" मास्तरांचं खरंच होतं. चूक मी कॉपीसाठी वापरलेल्या क्लोन() मध्ये होती.

दोन मितींचा अ‍ॅरे म्हणजे ओळींचा अ‍ॅरे. क्लोन() बाहेरचा अ‍ॅरे नवा करतं, पण त्यात पत्ते जुन्याच ओळींचे राहतात. म्हणून लूप लावून प्रत्येक ओळीचं वेगळं क्लोन() घ्यावं लागतं. अ‍ॅरेज.कॉपीऑफ ही कॉपीची दुसरी मेथड वापरली तरी हेच. ओळीत इंट असले की एवढं पुरतं. बदलता येणारे ऑब्जेक्ट असले तर त्यांच्याही कॉपी कराव्या लागतात.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतोय: कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) अ‍ॅरे आत घेताना कॉपी, गेटरमधून (आतली माहिती परत देणारी मेथड) बाहेर देताना पुन्हा कॉपी. प्रायव्हेट फायनल लिहून भागत नाही. फायनलमुळे त्या नावाला दुसरा अ‍ॅरे जोडता येत नाही इतकंच, आतले आकडे कुणीही बदलू शकतो. आणि तपासणी नेहमी कॉपीवर करावी. मूळ अ‍ॅरे तपासून मग कॉपी केली, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा प्रोग्रामचा दुसरा भाग) तो बदलू शकतो.

याची किंमत मात्र मोजावी लागली. हजार बाय हजारचं डिझाईन म्हणजे दहा लाख इंट, साधारण 4 एमबी. माझा चित्र काढणारा लूप दर चौकटीला गेटर बोलवत होता, म्हणजे दर चौकटीला अख्ख्या डिझाईनची कॉपी. स्क्रीन गोठायची. मग ओळ आणि स्तंभ दिले की एकच रंग परत देणारी मेथड लिहिली. कॉपीची गरजच संपली, काम झटपट व्हायला लागलं. आता पूर्ण अ‍ॅरे बाहेर देणारा गेटर मी फार कमी लिहितो.

सुताच्या रंगांच्या यादीसाठी अ‍ॅरे सोडून लिस्ट.कॉपीऑफ घेतलं. ते जावा 10 पासून, म्हणजे 2018 पासून आहे, आणि मला मनापासून आवडलंय. मिळणारी यादी बदलताच येत नाही. यादीत नल (काहीच न भरलेली जागा) असेल तर ते लगेच अपवाद (एरर) फेकतं. त्यामुळेच दोन डिझाईनमध्ये रंग भरायचे राहिलेले मला सापडले. कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्टवर मात्र विसंबू नका. ती मूळ यादीची खिडकी आहे, मूळ बदललं की तिच्यातही बदललेलंच दिसतं.

रेकॉर्ड (माहिती एकत्र ठेवणारा जावाचा एक प्रकार) वापरणाऱ्यांनीही जपा. रेकॉर्डमधल्या अ‍ॅरेची कॉपी आपोआप होत नाही, आणि इक्वल्स (बरोबरी तपासणारी मेथड) आतले आकडे न बघता तोच अ‍ॅरे आहे का एवढंच पाहतं. न बदलणारा अ‍ॅरे जावाने मुळातच द्यायला हवा होता, ही माझी तक्रार कायम आहे.

मास्तर आता मोराचे पाच-सहा नमुने एकाच वेळी उघडे ठेवून रंग बदलून बघतात. जुन्या ऑर्डरची बॉर्डर लालच राहते.